शिकवणीचा गाळा

कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनहाइम शहरात दरवर्षी वाद्यांच्या व्यापाऱ्यांचे मोठे प्रदर्शन भरते. नॅम शो म्हणतात त्याला. तिथे मांडलेल्या बहुतेक मालाला हात लावून बघता येते. गिटार गळ्यात अडकवावी, की-बोर्डवर बोटे फिरवावीत, झांजेला काठीचे टोक लावावे आणि नाद विरेपर्यंत कान तिच्याकडे ठेवावा. माल बरा की वाईट हे तो स्वतःच सांगतो. त्याच दालनांत काही गाळे शिकवणीचे असतात. गिटार शिका, पियानो शिका, ड्रम शिका, घरबसल्या शिका. अशा गाळ्यावर नेमके मांडायचे काय, हा प्रश्न मला तबल्याचा अभ्यासक्रम घेऊन तिथे उभे राहायची वेळ आली तेव्हा नीट पडला. पुस्तक टेबलावर ठेवता येते. पडद्यावर एखादा धडा सतत चालू ठेवता येतो. पण शिकवणी पुस्तकातही दिसत नाही आणि पडद्यावरही. ती शिकणाऱ्याच्या हातात उतरते, आणि उतरायला तिला लागणारा काळ कुठल्याच प्रदर्शनाच्या तारखांत बसत नाही.

मी मूळची मिरजेची. सतारी-तंबोऱ्यांचे गाव. २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते पेपरात वाचून परदेशात राहणाऱ्या आम्हा मिरजकरांनी एकमेकांना फोन केले होते. लहानपणी सतारमेकर गल्लीतून जाताना दारात ठेवलेले भोपळे, पॉलिशचा वास, आतून येणारा जवारी लावतानाचा तोच तो स्वर, हे सगळे रोजचे होते. तिथल्या कारागिरांची एक रीत मला आठवते. कुणी नवखा वाद्य घ्यायला आला की किमतीचे बोलणे निघण्याआधी ते विचारत, “शिकता कुणाकडं?” उत्तरावरून वाद्य ठरायचे. गुरूचा स्वर कोणता, घराण्याची तार कशी, बसणाऱ्याचा हात केवढा. नुसते हौसेने आलेल्याला ते वाद्य देत नसत असे नाही, पण आधी कुणाकडे तरी जाऊन बस, हे सांगायला विसरत नसत. विकणे आणि शिकणे यांच्यात तिथे चार पावलांचे अंतर होते.

अ‍ॅनहाइममध्ये हे अंतर फार मोठे आहे. नॅमचे प्रदर्शन सर्वांना खुले नसते. ते धंद्यातल्या माणसांचे: वाद्ये बनवणारे, ती दुकानातून विकणारे, ध्वनियंत्रांचे जाणकार, कंपन्यांनी बोलावलेले वादक. त्यामुळे गाळ्यावर येणारा माणूस स्वतः शिकायला आलेला असतोच असे नाही. तो दुकानदार असतो. त्याला तुमचा अभ्यासक्रम त्याच्या गावातल्या गिऱ्हाइकाला विकायचा असतो. तो पुस्तक उघडण्याआधी मागची बाजू पाहतो, त्याच्या वाट्याला काय उरते ते विचारतो आणि मग तो एक ठरलेला प्रश्न येतो: “किती दिवसांत येतं?”

मोठ्या कंपन्यांची दालने वरच्या मजल्यांवर, लहान आणि नवख्या लोकांची तळातल्या हॉलमध्ये. दहा फूट बाय दहा फुटांची जागा. गालिचा, टेबल, विजेचा एक पॉइंट, सगळ्याचे पैसे वेगळे. धक्क्यावरून गाळ्यापर्यंत सामान आणून देतात त्याचे पैसे वजनावर, म्हणजे पितळी डग्ग्याचेही वजन होते. आम्ही चौघांनी मिळून हा अभ्यासक्रम तयार केला होता. चित्रित धडे, सोबत एक पुस्तिका, रियाझासाठी लेहरे. तो कसा केला हे सांगत बसत नाही. चांगला प्रकाश आणि वरून लावलेला एक कॅमेरा एवढ्यात त्यातले तांत्रिक कौशल्य येते. मांडणीत मात्र एक अडचण होती. तबला बसून वाजवायचा, आणि गर्दीतून चालणाऱ्याला गुडघ्याखालचे काही दिसत नाही. म्हणून आम्ही लाकडाची एक उंच बैठक केली, तिच्यावर सतरंजी घातली, चुंबळींवर तबला-डग्गा ठेवला. येणाऱ्याला समोर बसता यावे म्हणून दुसरी एक जोडी आणि तेवढीच रिकामी जागा. निम्मा गाळा या बैठकीनेच भरला. अभ्यासक्रमाच्या पेट्या ठेवायला टेबलाखालीच जागा उरली.

पहिल्या सकाळपासून ध्यानात आले की इथे वाजवून दाखवणारे पुष्कळ आहेत. प्रत्येक कंपनीचा एखादा तरबेज वादक ठरलेल्या वेळी येतो, पाच मिनिटांत हातातली सगळी तयारी दाखवतो, भोवती फोन उंचावतात, टाळ्या पडतात, माणसे पुढे सरकतात. त्यात गैर काही नाही. वाद्यातून काय काय निघू शकते हे त्यानेच कळते. तबल्याच्या बाबतीत तर ते काम झाकीर हुसेन यांनी आधीच करून ठेवले होते. आमची बैठक पाहून थांबणारा अमेरिकन माणूस त्यांचे नाव घेतल्याशिवाय राहत नसे. सॅन राफेलच्या अली अकबर कॉलेजात त्यांनी शिकवले, पुढे वर्षानुवर्षे शिबिरे घेतली. या देशात तबल्यावर हात ठेवणाऱ्या कितीतरी जणांची मुळे तिथे आहेत. पण शिकवणीच्या गाळ्यावर मीही वाजवतच राहिले, तर पाहणारा एवढेच ठरवणार की हे आपल्याला जमायचे नाही. तयारीचे वादन ऐकून उत्साह येतो तसा धीरही खचतो. मी ठरवले की आपण इथे वाजवायचे नाही. शिकवायचे.

एक तरुण ड्रमर आला. पाठीवर काठ्यांची पिशवी, तळव्यांना घट्टे. बसला आणि तबल्यावर मनगटातून असा फटका दिला की हातोडी शोधावी लागते की काय असे वाटले. मी त्याचा उजवा हात हातात घेतला. अनामिका शाईच्या कडेला हलकी टेकवून ठेवायची, मधले बोट वर, आणि तर्जनी चाटेवर पडून लगेच उठायची. पडण्यापेक्षा उठणे महत्त्वाचे. तो करू लागला तर अनामिका दर वेळी सुटत होती. ड्रमवर एखादे बोट कातड्यावर ठेवून दुसऱ्याने वाजवायची सवयच नसते. “हे बोट कशाला?” त्याने विचारले.

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण त्याचे उत्तर खरोखर आहे. साध्या ढोलकातडीचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून ढोलाला ठाम स्वर नसतो. तबल्याच्या मधोमध शाई भरून कारागिराने कातड्याचे वजन असे वाटलेले असते की ते उपस्वर स्वरमालेत येऊन बसतात. सी. व्ही. रामन यांनी सहकाऱ्यासोबत १९२० मध्ये नेचर या नियतकालिकात यावर लिहिले, आणि पुढे पुन्हा सविस्तर मांडले. अनामिका टेकवली की त्यातला सर्वांत खालचा स्वर दबतो आणि वरचे मोकळे होतात. ‘ना’ या बोलाचा तो लखलखीत आवाज त्यातून येतो. बोट सुटले की सगळे एकत्र वाजतात आणि ‘ना’ हरवतो.

त्याला हे पटले, पण ऐकू येईना. दोन गाळे पलीकडे कुणीतरी नवा अ‍ॅम्प्लिफायर तपासत होते. आवाजाला मर्यादा घातलेली असते, मीटर घेऊन माणसे फिरत असतात, तरी शेकडो वाद्यांचा मिळून एक गजर हॉलभर कोंदलेला असतोच. अशा जागी ‘ना’ लागला की नाही हे कानाने कसे ठरवायचे? मी त्याचा डावा तळवा तबल्याच्या खोडावर ठेवला आणि म्हटले, आता वाजव. चुकीचा ‘ना’ लाकडात थड करून थांबतो. लागलेला ‘ना’ लाकडातून बारीक थरथरत जातो. तो वाजवत राहिला, मान खाली, डावा हात खोडावर. कितव्यांदा तरी त्याने मान वर केली आणि काही न बोलता तसाच पुन्हा वाजवला. मग पुन्हा. तीनदा नीट लागल्यावर म्हणाला, “पुढे काय?”

या वेळात मागे उभे असलेले दोन दुकानदार पत्रक घेऊन निघून गेले. सोबतच्याने मला ते डोळ्यांनी दाखवले. हिशोबाने ते नुकसानच, आणि गाळ्याचे भाडे चौघांच्या खिशातून गेलेले असताना ते बोलून दाखवायचा त्याला हक्क होता. तरी माझे मत बदलले नाही. गाळ्यावर शिकवणीचा नमुना ठेवायचा असेल तर तो शिकवूनच ठेवावा लागतो, आणि दर वेळी नव्याने. तिथे पाच मिनिटांत जे घडते ते पूर्ण असते. त्यात एका माणसाची एक अडचण दिसलेली असते आणि ती सुटलेली असते. माझ्या मते पेटीवर छापलेल्या सगळ्या आश्वासनांपेक्षा ते जास्त खरे आहे.

मी शिकवायला लागले की थांबणाऱ्यांची संख्या कमी असे, पण ती माणसे जवळ येत. फोन खिशातच राहत. बघता बघता एखाद्याची बोटे स्वतःच्या मांडीवर हलू लागत.

या प्रदर्शनामागची संस्था १९०१ साली पियानोविक्रेत्यांची म्हणून सुरू झाली. १९१९ मध्ये तिचे नाव बदलून सगळ्याच वाद्यव्यापाऱ्यांची संस्था असे झाले. तेव्हाच्या अमेरिकेत पियानो हे घरातले मोठे सामान होते. १९०९ मध्ये त्या देशात साडेतीन लाखांहून अधिक पियानो तयार झाले. सगळ्या घरांत वाजवणारे कोठून येणार? मग आपोआप वाजणारे पियानो आले. भोके पाडलेला कागद घालायचा, पायाने पेडल मारायचे, सूर निघतात. १९२० च्या आसपास हे आपोआप वाजणारे पियानो साध्या पियानोंपेक्षा जास्त बनू लागले होते. शिकण्याची कटकट नाही, हीच त्यांची जाहिरात. मग रेडिओ आला, ग्रामोफोन सुधारला, आणि दहा-बारा वर्षांत तो धंदा जवळजवळ बुडाला. ज्या वाद्याने माणसाकडून काही मागितलेच नाही, ते घराबाहेर काढायला माणसाला काही वाटले नाही. व्यापाऱ्यांनी त्याच काळात शाळांमधून सामूहिक पियानो शिकवण्यालाही हात दिला होता. पुढे जपानमध्ये निप्पोन गाक्की, म्हणजे आजची यामाहा, १९५४ मध्ये टोकियोत वाद्यवर्ग घेऊ लागली आणि ती शाळा जगभर गेली. शिकवल्याशिवाय विकलेले टिकत नाही हे उद्योगाला अनेकदा कळले आहे. मध्ये मध्ये तो ते विसरतो.

अलीकडे ते आकड्यांतून कळले. फेंडर या गिटारकंपनीने आपल्या पाहणीतून सांगितले की दरवर्षी विकल्या जाणाऱ्या गिटारींपैकी सुमारे ४५ टक्के पहिल्यांदाच शिकणाऱ्यांच्या घरी जातात, आणि त्यांतले ९० टक्के लोक वर्षभरात वाजवणे सोडून देतात. २०१७ मध्ये त्या कंपनीने स्वतःचा ऑनलाइन अभ्यासक्रम काढला. त्यामागचा व्यापारी हिशोब सरळ आहे: जो टिकतो तो पुढे दुसरी गिटारही घेतो. मला या हिशोबाचा राग येत नाही. धंद्याला शिकणाऱ्याची काळजी वाटण्याचे कारण पैसा असले, तरी काळजी खरीच असते. अडते ते वेगळ्या ठिकाणी. या साऱ्या अभ्यासक्रमांची सगळी शक्ती सुरुवातीवर लावलेली असते. पहिला धडा सोपा, पहिले गाणे लगेच, पहिल्या आठवड्यात बक्षीस. सोडून गेलेल्या नव्वदांसाठी त्या दालनांत मला एकही गाळा दिसला नाही.

गाळ्यावर उभी असताना मला पलुसकरांची आठवण व्हायची. कुरुंदवाडचा मुलगा, फटाक्याने डोळे अधू झालेला, आमच्या मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकला. १८९६ मध्ये तो मिरज सोडून निघाला, आणि ५ मे १९०१ रोजी विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरात गांधर्व महाविद्यालय उघडले. व्यापाऱ्यांची ती अमेरिकी संस्था आणि ही शाळा एकाच वर्षातली. पलुसकरांनी तिकीट लावून जाहीर जलसे केले, स्वरलिपीची पुस्तके छापली, त्यासाठी छापखाना चालवला, ठरलेली फी आणि ठरलेला अभ्यासक्रम ठेवला, बायकामुलींना वर्गात आणले. त्यांच्या स्वतःच्या गुरूंनी गाणे मिळवायला कोठून कोठे पायपीट केली होती हे त्यांना ठाऊक होते. विद्या मिळवायला माणसाने इतके सोसलेच पाहिजे असे त्यांनी मानले नाही. विद्येनेच रस्त्यावर यावे, दार उघडे ठेवावे, पाटी लावावी, असे मानले. १९०८ मध्ये मुंबईत शाळा काढली, पुढे तिच्यासाठी इमारत बांधली, कर्ज झाले आणि ती इमारत लिलावात गेली. त्यांच्या निधनानंतर १९३१ मध्येच शिष्यांनी मंडळ स्थापले आणि प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षांची शिडी उभी केली. आपल्याकडे गावोगावी संध्याकाळी सतरंज्या पसरून भरणारे वर्ग त्या शिडीवर उभे आहेत.

विद्या बाजारात मांडू नये, असे मला काही जाणत्यांनी अ‍ॅनहाइमला निघण्याआधी सांगितले होते. त्यांच्याविषयी आदर ठेवूनही ते मला मान्य नाही. माझ्यासारख्या मध्यमवर्गीय घरातल्या मुलीच्या हातात तबला आला, तो कुणीतरी विद्या पाटी लावून मांडली होती म्हणून. गंडा बांधून घ्यायला मला कुणी बोलावले नसते.

त्या शिडीचे दुसरे टोक मला त्याच हॉलमध्ये भेटले. दुपारी गर्दी ओसरली होती. गळ्यात एका ध्वनियंत्राच्या कंपनीचे ओळखपत्र अडकवलेला चाळिशीचा एक गृहस्थ बैठकीसमोर थांबला, पाटीवरचे माझे नाव वाचले आणि मराठीत म्हणाला, “ताई, तबला? इथे?”

“बसा ना. तुम्ही कुठले?”

“डोंबिवली. इथे स्पीकर घेऊन आलोय. मी वाजवायचो, ताई. मध्यमा पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या. दहावी आली आणि बंद केला.”

“तबला कुठाय आता?”

“कपाटावर. आईने जुन्या चादरीत बांधून ठेवलाय. दर दसऱ्याला खाली काढते, हळदकुंकू वाहते, परत वर ठेवते.”

अशी जोडी नाही अशी किती मराठी घरे असतील! तबला नसेल तर पेटी, पेटी नसेल तर खोळीतली सतार. दहावी येते, बारावी येते, नोकरी येते. आपल्या सोडून जाण्याची पाहणी कुणी केलेली नाही, पण कपाटावरची गाठोडी मोजली तर फेंडरच्या आकड्याचे नवल वाटणार नाही.

तो बसला. हात पुसले, पावडर लावली. ते न सांगता केले. “काय आठवतंय?” विचारले तर म्हणाला काहीच नाही, आणि ‘धाधातिट’चा कायदा सुरू केला. हात कच्चा पडत होता. ‘तिट’ची बोटे एकमेकांत अडखळत होती. पहिले आवर्तन कसेबसे झाले. खाली आली तिथे डग्गा बंद व्हायला हवा, आणि त्याचा डावा हात खुलाच घुमत राहिला. तो थांबला. “सर इथेच ओरडायचे,” असे म्हणून हसला.

“हात ठेवा बाजूला. नुसतं म्हणा.”

त्याने डोळे मिटले आणि टाळी धरून म्हणू लागला. हे मात्र अख्खे शिल्लक होते. बोल स्वच्छ, वजन जिथल्या तिथे, खालीला आवाज आपोआप पातळ झालेला, भरी आल्यावर पुन्हा भरलेला. पलटे एकामागून एक निघाले. पंचवीस वर्षे हाताने काही केले नव्हते, पण तोंडात कायदा जसाच्या तसा होता. शेवटची तिहाई समेवर आणून त्याने डोळे उघडले तेव्हा ते ओले होते, आणि मलाही पटकन काही बोलता येईना.

मग मी त्याला म्हटले, आता म्हणत म्हणत वाजवा, हात मागे राहिला तर राहू द्या, तोंड थांबवू नका. दुसऱ्या आवर्तनाला डावा हात खालीच्या जागी बंद झाला. मी काही सांगितले नव्हते. त्याच्या तोंडाने त्याच्या हाताला सांगितले.

पढंतीचे, म्हणजे बोल तोंडाने म्हणण्याचे, महत्त्व मी विद्यार्थ्यांना नेहमीच सांगत आले होते, पण ते लय पक्की व्हावी म्हणून. त्या दुपारी मला तिचा आणखी एक उपयोग समजला. हात विसरतो, कारण त्याला रोजचा सराव लागतो, घट्टे लागतात, वाद्य समोर लागते. तोंडाला यातले काही लागत नाही. लोकलमध्ये, स्वयंपाक करताना, मुलाला झोपवताना माणूस बोल पुटपुटत राहतो आणि आपण पुटपुटतो आहोत हे त्याला कळतही नाही. ज्यांनी सोडले असे आपण समजतो, त्यांच्यातल्या कित्येकांनी फक्त हाताने सोडलेले असते. आमच्या अभ्यासक्रमात तबला हातात घेण्यापासून सुरुवात होती. ज्याने कधी घेतला होता आणि खाली ठेवला, त्याच्यासाठी एकही पान नव्हते.

घरी आल्यावर आम्ही नवा भाग चित्रित केला, परत बसणाऱ्यांसाठी. त्यात सुरुवातीचा बराच वेळ तबला दिसतच नाही. मी समोर बसते, टाळी धरते, तीनताल म्हणते, थोडे थांबते, पलीकडच्याने म्हणावे म्हणून. नंतर एखादा ओळखीचा कायदा, नुसता तोंडाने, दुगुनीत. मग बोटे मांडीवर. वाद्य त्यानंतर. तबल्याच्या धड्यात तबला नाही हे कोण विकत घेणार, अशी शंका आमच्यातच निघाली आणि ती रास्त होती. दुकानात पेटी हातात घेऊन पाहणाऱ्याला हे समजावता येत नाही. पण तो भाग आम्ही काढला नाही. सोबत एक पान दिले: वर्षानुवर्षे बांधून ठेवलेला तबला उघडल्यावर काय पाहायचे, शाईला चिरा आहेत का, वादी सैल आहे का, गजऱ्यावर हातोडी कशी आणि किती हळू मारायची, पुडी बदलायची वेळ आली हे कसे ओळखायचे. कोरड्या हवेत कातडे ताणून स्वर चढतो आणि दमट हवेत उतरतो, म्हणून काळी एकचा तबला बिघडला असे समजून लगेच ठोकत बसू नका, हेही.

हा भाग पहिल्यांदा ज्याने उचलला तो दुकानदार सॅन होआकिन खोऱ्यातला. शेतीचा भाग, तिथे पंजाबी शीख कुटुंबे शंभरहून अधिक वर्षे राहत आली आहेत. त्याच्या दुकानात पुढे वाद्ये आणि मागे शिकवणीच्या तीन छोट्या खोल्या, अमेरिकेतल्या गावोगावच्या वाद्यदुकानांत असतात तशा. तो प्रदर्शनात माझ्यासमोर बसला नव्हता, पत्रक घेऊन गेलेल्यांपैकी होता. फोनवर म्हणाला की त्याच्याकडे ड्रम शिकायला येणारी पोरे गुरुद्वारात कीर्तनाच्या साथीला तबला शिकलेली असतात, आणि त्यांचे बापआजोबा त्यांना सोडायला येऊन बाहेरच्या बाकावर बसतात. “बाकावर बसलेले सगळे बोटं वाजवत असतात,” तो म्हणाला. “त्यांच्यासाठी काही आहे का, एवढंच मला विचारायचं होतं.” त्याने पेट्या मागवल्या त्या थोड्याच, पण अट घातली: दर शनिवारी तासभर तुम्ही पडद्यावरून त्यांच्यासमोर बसायचे. नुसती पेटी मी विकणार नाही.

आता शनिवारी सकाळी त्याच्या मागच्या खोलीत चार-पाच जण जमतात. त्यांतले एक सरदारजी सगळ्यांत वडील, आयुष्यभर ट्रक चालवून निवृत्त झालेले; जालंधरजवळच्या गावात लहानपणी शिकले होते. त्यांच्या तोंडचे बोल पंजाबच्या वळणाचे, माझ्या दिल्लीच्या कायद्यापेक्षा वजन वेगळे, ‘धिर धिर’वर त्यांचा आवाज खुलतो. मी त्यांना माझा बोल म्हणायला लावत नाही. ते त्यांचा म्हणतात, मी तो लिहून घेते, मग दोघे मिळून तो बोटांवर कसा बसवायचा ते शोधतो. गेल्या खेपेला त्यांचा डग्गा पहिल्यांदा नीट घुमला आणि शेजारच्या खोलीतला ड्रमचा तास थांबवून पोरे दारात येऊन उभी राहिली. त्यांच्या नातवालाही आता बसायचे आहे. पुढच्या शनिवारी पलटे सुरू करू म्हणून त्यांनी मला बजावून सांगितले आहे, आणि तोपर्यंत त्यांच्या गावचा तो जुना रेला मला तोंडपाठ करायचा आहे.